संशोधनाला अनुदान आहे, यंत्राला ग्राहक कोण?

नाशिक : उन्हाळ कांद्याची काढणी मार्च ते मे या काळात होते आणि तो चाळीत भरला की पुढील पाच-सहा महिने देशातील स्वयंपाकघरांची भिस्त त्याच्यावर असते. देशाच्या एकूण कांदा उत्पादनात या रब्बी कांद्याचा वाटा सुमारे ७० टक्के आहे. नवा खरीप कांदा बाजारात येईपर्यंत तोच पुरवावा लागतो. या काळात वजनघट, सड आणि मोड यांमुळे साठवलेल्या मालापैकी सुमारे २५ ते ४० टक्के माल हातचा जातो, असे अंदाज आहेत. असे नुकसान टाळणारे तंत्र शोधणाऱ्या लहान उद्योगांना केंद्र सरकार विविध योजनांतून संशोधनासाठी पैसा देते. तरीही चाचणीत यशस्वी ठरलेली यंत्रे नाशिक जिल्ह्यातील सामान्य शेतकऱ्याच्या चाळीत क्वचितच दिसतात. याचे कारण विज्ञानात कमी आणि अर्थकारणात अधिक आहे.

सरकार पैसा का देते?

नव्या कल्पनेवर काम करणाऱ्या लहान उद्योगाकडे तारण ठेवण्यासारखे काही नसते. बँक यंत्रसामग्रीवर कर्ज देते, कल्पनेवर देत नाही. ही अडचण ओळखून अमेरिकेने १९८२ मध्ये कायदा केला आणि मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधन निधीतील ठराविक हिस्सा लहान उद्योगांसाठी राखून ठेवला. तेथील कृषी खातेही त्यात सहभागी झाले. कल्पनेची शक्यता तपासणे, नमुना तयार करणे आणि तो बाजारात नेणे असे त्या योजनेचे तीन टप्पे ठरले. पहिल्या दोन टप्प्यांना योजनेतून अनुदान आणि तिसऱ्यासाठी पैसा बाहेरून उभा करायचा, अशी तिची रचना होती.

भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये याच धर्तीवर लहान उद्योगांसाठी नवसंशोधन योजना सुरू केली. २०१२ मध्ये 'बायरॅक' ही स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली. तिच्या 'बिग' योजनेत कल्पना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांच्या मुदतीत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून २०१८-१९ पासून शेतीतील नवउद्योगांना कल्पनेच्या टप्प्यावर ५ लाख आणि त्यापुढील टप्प्यावर २५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचे धोरण आखले गेले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने तर जुलै २०२२ मध्ये केवळ कांदा साठवणुकीच्या प्रश्नावर खुली स्पर्धा जाहीर करून विद्यार्थी, शास्त्रज्ञ आणि नवउद्योजकांकडून कल्पना मागवल्या.

चाळीत काय घडते?

साठवणुकीतील नुकसान तीन वाटांनी होते. पाणी उडून गेल्याने वजन घटते, बुरशी व जिवाणूंमुळे सड लागते आणि सुप्तावस्था संपली की मोड येतात. साध्या चाळीत २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता असली तर कांदा चांगला टिकतो. एप्रिल-मेमध्ये उष्णता जास्त असल्याने वजन घटते, तर जूनपासून हवेतील ओलावा वाढल्याने सड सुरू होते. शीतगृहात शून्य ते दोन अंशांवर कांदा टिकतो. पण तो खर्च मोठा आहे आणि बाहेर काढल्यावर कांद्याला लवकर मोड येतात.

त्यामुळे संशोधकांपुढे तीन मार्ग उरतात. हवा नियंत्रित करणे, सड वेळीच ओळखणे किंवा मोड रोखणे. दुसऱ्या मार्गावर नाशिकमध्येच काम झाले आहे. येथील 'गोदाम इनोव्हेशन्स' या नवउद्योगाने चाळीतील तापमान, आर्द्रता आणि सडणाऱ्या कांद्यातून निघणारे वायू टिपणारे उपकरण विकसित केले. ढिगाच्या आत लागलेली सड वरून दिसत नाही. दुर्गंधी येईपर्यंत आजूबाजूचा माल बाधित झालेला असतो. उपकरण सड थांबवत नाही. मात्र वेळीच इशारा मिळाला तर शेतकरी माल निवडू शकतो किंवा तो भाग आधी विकू शकतो.

लासलगावचा धडा

केवळ तंत्र सिद्ध होणे पुरेसे नसते, याचे सर्वांत मोठे उदाहरण लासलगावातच आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये तेथे 'कृषक' हा विकिरण प्रकल्प उभारला. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याला मोड येणे थांबते, हे विज्ञान पक्के होते. प्रकल्पही देशातील सर्वांत मोठ्या कांदा बाजारपेठेच्या दारात होता. तरीही कांद्यावरील नियमित व्यापारी प्रक्रिया तेथे रुळली नाही. विकिरणाने मोड थांबतात, सड आणि वजनघट थांबत नाही. शिवाय प्रक्रिया काढणीनंतर थोड्याच दिवसांत करावी लागते आणि पुरेसा लाभ हवा असेल तर नंतर शीतसाठवणुकीची जोड द्यावी लागते. हा वाढीव खर्च बाजारभाव भरून देईल, याची शाश्वती कोणालाच नव्हती.

प्रकल्पाला नाव मिळाले ते आंब्यामुळे. २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि येथून विकिरणित आंबा त्या देशात जाऊ लागला. तेथे प्रक्रियेची अट होती आणि तिचा खर्च सोसणारा ग्राहकही होता. कांद्याला २०२३ मध्ये सरकारनेच पुन्हा हात घातला आणि १५० टन कांद्यावर लासलगावात प्रायोगिक विकिरण करण्यात आले.

शेतकऱ्याचा हिशेब

उदाहरणादाखल २५ टनांची, म्हणजे २५० क्विंटलची चाळ घेऊ. ३० टक्के नुकसान म्हणजे ७५ क्विंटल. नव्या तंत्राने ते २० टक्क्यांवर आले, तर २५ क्विंटल वाचतील. भाव क्विंटलला १,५०० रुपये असेल तर ३७,५०० रुपये वाचले. भाव ८०० रुपयांवर घसरला तर हीच बचत २० हजारांवर येते. मे महिन्यात उपकरण घेताना ऑक्टोबरचा भाव माहीत नसतो. निर्यातबंदी किंवा निर्यातशुल्काचा एक निर्णय सगळा हिशेब बदलून टाकतो. अशा स्थितीत शेतकरी ओळखीच्या खर्चालाच हात घालतो.

सरकारी साहाय्याचा ओघही बांधकामाकडे राहिला. एकात्मिक फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या निकषांत २५ टनांच्या चाळीसाठी १ लाख ७५ हजार रुपये खर्च गृहीत धरून त्याच्या निम्मे अनुदान ठेवले होते. चाळ किती टनांची बांधली, यावर हा हिशेब होता. ऑक्टोबरमध्ये तिच्यातून किती टन चांगला कांदा बाहेर पडला, याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

पहिला ग्राहक

या कोंडीत मार्ग दाखवू शकेल असा एक ग्राहक नाशिकमध्येच आहे. तो म्हणजे स्वतः सरकार. भाव स्थिर ठेवण्यासाठी नाफेड व राष्ट्रीय ग्राहक सहकारी महासंघामार्फत कांद्याचा राखीव साठा केला जातो. २०२३ मध्ये त्याचे उद्दिष्ट ३ लाखांवरून ५ लाख टनांवर नेण्यात आले होते. एवढ्या साठ्यात १० टक्के नुकसान वाचले तरी ५० हजार टन कांदा हाती राहतो. म्हणजे तंत्राचा लाभ ज्याला सर्वांत आधी मोजता येईल आणि भावातील चढउताराचा धक्का जो सोसू शकेल, तो हा साठेदार आहे. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नवउद्योगांना पूर्वानुभव व उलाढालीच्या अटींतून सूट देण्याची सोय आहे, त्यामुळे अशा खरेदीला नियमांचा आधारही मिळू शकतो.

राखीव साठ्याच्या गोदामांत दोन-तीन हंगाम उपकरणे चालली, तर नुकसानीचे आकडे जाहीर होतील, उत्पादन वाढून किंमत उतरेल आणि दुरुस्ती करणारे हात तालुक्याच्या गावी तयार होतील. शेतकऱ्याला विचारपूर्वक निर्णय घेण्यासाठी याच तीन गोष्टी हव्या असतात. त्या नसतील, तर अनुदानाची मुदत संपताच नमुना प्रदर्शनाच्या दालनात जातो आणि पावसाळा सुरू झाला की चाळीतील सड ओळखण्याचे काम पूर्वीप्रमाणेच शेतकऱ्याच्या नाकावर सोपवले जाते.