मातीविना फुलणारा कलांचो

पावसाळ्यात गोमंतकातील घरोघरी एक तक्रार हमखास ऐकू येते. हौसेने आणलेली फुलझाडाची फांदी कुंडीत खोवावी आणि आठ दिवसांत ती बुडाशी काळी पडून मऊ व्हावी. मांसल पानांच्या झाडांवर ही आपत्ती विशेष ओढवते. लाल, पिवळ्या, नारिंगी फुलांच्या झुपक्यांनी ओळखू येणारा कलांचो हे त्यांतलेच एक झाड. तो मूळचा मादागास्कर बेटावरचा आणि आपल्या परिचयाच्या पानफुटीचा सख्खा भाऊबंद. घरातल्या घरात, मातीविना, पाण्यावर झाडे वाढविण्याच्या कुंड्या आता बाजारात मिळतात. सोयीसाठी आपण त्यांना जलकुंडी म्हणू. अशा जलकुंडीत कलांचोची कलमे चांगली रुजतात. मात्र त्या झाडाचा स्वभाव आधी ध्यानात घ्यावयास हवा.

हा स्वभाव प्रथम नोंदला गेला तो भारतातच. बेंजामिन हाइन या येथे राहिलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाचे एक पत्र १८१५ साली प्रसिद्ध झाले. पानफुटीचे पान पहाटे आंबट, दुपारी बेचव आणि सायंकाळी किंचित कडवट लागते, असे त्यांनी त्यात लिहिले होते. त्याचे कारण पुढे उमगले. ही झाडे पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेतात व रात्री उघडतात. रात्री घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने पानात साठतो आणि दिवसा उजेडात त्याचे अन्न बनते. दिवसा छिद्रे बंद असल्याने पाणी फारसे उडून जात नाही. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. पहाटे व दुपारी तोडलेली पाने वेगवेगळी वाटून त्यांच्या रसात निळा लिटमस कागद बुडवावा. पान चाखून मात्र पाहू नये.

याचा अर्थ असा की, कलांचोची तोडलेली फांदी तहानलेली नसते. तिच्या पानांत कित्येक दिवसांची शिदोरी असते. आपण मात्र दयेपोटी ती तत्काळ पाण्यात बुडवितो आणि ओल्या जखमेतून कूज आत शिरते. प्रस्तुत लेखकानेही आरंभी सहा कलमे अशीच पाण्यात सोडली होती. त्यांतील चार गेली.

कलमासाठी फूल वा कळी नसलेला, तीन-चार इंच लांबीचा निरोगी शेंडा स्वच्छ धारदार पात्याने कापावा. खालची पाने काढून तो सावलीत, हवेशीर जागी उघडा ठेवावा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात. आषाढ-श्रावणात पाच दिवसही लागतात. कापलेल्या जागी कोरडी खपली धरली की जलकुंडीतील जाळीदार पेल्यात विटेचे धुतलेले बारीक खडे घालून कलम त्यांत उभे करावे. टाकीतील पाणी पेल्याच्या बुडापासून बोटभर खालीच राहू द्यावे आणि खडे एक-दोन दिवसांआड नुसते शिंपडावेत. मुळाला पाण्याइतकीच हवाही लागते. वीस अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशाला तो साडेसातच्या आसपास येतो. आपल्याकडील उकाड्यात पंपाने पाणी खेळते ठेवणे इष्ट, ते याचसाठी. दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. तोवर खत अजिबात घालू नये. त्यानंतर द्रवखत सांगितलेल्या मात्रेच्या चौथाईने द्यावे, आणि मुळांचा वरचा भाग हवेतच ठेवावा.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. घरातील साचलेले पाणी, मग ते कितीही शोभिवंत भांड्यात असो, डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला सारखेच. अंड्यापासून डास तयार होण्यास आपल्या हवामानात आठ-दहा दिवस पुरे होतात. म्हणून आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी टाकी पूर्ण रिकामी करावी. एवढ्यानेही भागत नाही. ही अंडी भांड्याच्या कडांना चिकटून राहतात व कोरडी पडूनही महिनोगणती जिवंत असतात. यास्तव टाकी आतून घासूनच पुन्हा भरावी. झाकणाची रिकामी भोके बुजवावीत. त्यामुळे उजेड आत न गेल्याने शेवाळही धरत नाही.

कलमे रुजली, पाने तजेलदार झाली, तरी वर्ष उलटले पण फूल नाही, असेही घडते. दोष बहुधा जलकुंडीवरच्या दिव्याचा असतो. भाजीपाल्यासाठी तो चौदा-सोळा तास जळत ठेवतात. मुळे फुटेपर्यंत कलांचोलाही तो उजेड मानवतो, परंतु कळी धरावयास या झाडाला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. सलग सहा आठवडे रोज चौदा तास अंधार मिळाला की कळ्यांची तयारी सुरू होते. फुले दिसण्यास त्यानंतरही काही आठवडे लागतात. कार्तिकानंतर आपल्याकडे रात्र मोठी होतेच. तेव्हा दिवा बंद करून कुंडी खिडकीशी ठेवावी आणि सायंकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत तिच्यावर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे. मध्यरात्री कोणी खोके उचलून विजेरीने पाहू नये; अधूनमधून पडणाऱ्या उजेडानेही रात्रीची लांबी मोडते.

फुले ओसरल्यावर झाड छाटावे लागते व त्याच शेंड्यांपासून नवी कलमे होतात. उरलेला पाला मात्र गोठ्याच्या आसपास टाकू नये. कलांचोत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि फुलोऱ्यात ते अधिक असते. गुरे, शेळ्या, घरातील कुत्री-मांजरे यांना त्यापासून धोका आहे. पाला खड्ड्यात पुरावा, आणि जलकुंडी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर मांडावी.