जुन्या वस्तऱ्यांच्या मुठींचा रंगबदल

जुन्या वस्तऱ्यांच्या मुठी काळानुसार पिवळ्या, तपकिरी, हिरवट किंवा निस्तेज होतात. हा बदल मळामुळे, प्रकाशामुळे किंवा मुठीच्या पदार्थाचेच विघटन झाल्यामुळे होतो. पहिल्या प्रकारात स्वच्छता पुरेशी असते. शेवटच्या प्रकारात ती उपयोगाची नसते. म्हणून मूठ कशाची आहे हे प्रथम ओळखावे लागते.

नाभिकांच्या धोकटीत नराणी, कात्री, चिमटा यांबरोबर घडीचा वस्तरा असे. एकदाच वापरण्याच्या पात्यांचा प्रसार झाल्यावर हे वस्तरे मागे पडले आणि अनेक घरांत पत्र्याच्या पेटीत पडून राहिले. वाशीम जिल्ह्यासारख्या प्रदेशात उन्हाळा तीव्र व कोरडा, तर पावसाळा दमट असतो. पत्र्याच्या छताखालील माळ्यावर ठेवलेली मूठ दरवर्षी या दोन्ही टोकांतून जाते.

सेल्युलॉइड

सर्वाधिक काळजी याच पदार्थाची घ्यावी लागते. सेल्युलोज नायट्रेट व कापूर यांपासून बनणारे सेल्युलॉइड एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तिदंत व कासवाच्या कवचाला स्वस्त पर्याय म्हणून प्रचारात आले. उष्णता व दमटपणामुळे त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि ओलाव्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते. हे आम्ल विघटनाचा वेग आणखी वाढवते. बंद पेटीत वायू साचल्याने नुकसान लवकर होते. मुठीत मिटून राहणाऱ्या पात्याच्या भागावर गंज, पितळी खिळ्याभोवती हिरवा थर, बारीक तडे आणि उग्र वास ही त्याची लक्षणे होत. कासवाच्या कवचाची नक्कल करणाऱ्या पारदर्शक मुठींत हा दोष विशेष आढळतो.

असा पिवळेपणा घासून जात नाही, कारण तो पृष्ठभागापुरता नसतो. मूठ पात्यापासून अलग करून, इतर वस्तूंपासून दूर, थंड, कोरड्या व हवेशीर जागी ठेवणे एवढेच हाती असते. सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही आहे. ओळख पटविण्यासाठी तापलेली सुई टोचण्याची जुनी पद्धत टाळावी. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अनेक जुन्या चित्रफिती नष्ट झाल्या, त्या याच सेल्युलोज नायट्रेटच्या होत्या. मूठ चोळल्यावर येणारा कापराचा वास ही ओळखीची सुरक्षित खूण आहे.

शिंग, हस्तिदंत व इतर पदार्थ

शिंग हे केराटिन असल्याने कोरड्या हवेत त्याचे पापुद्रे सुटतात व ते पांढुरके दिसते, कीडही लागते. मऊ कापडावर खनिज तेलाचे एक-दोन थेंब घेऊन पुसल्यास मूळ छटा बरीच परत येते. विदर्भात सहज मिळणारे जवसाचे तेल मात्र वापरू नये. ते वाळून घट्ट व पिवळे होते.

हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि प्रकाशात उजळतो. हा पिवळेपणा संग्राहक दोष मानत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो घालविण्याच्या प्रयत्नात तडे जातात. हस्तिदंताच्या व्यापारास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतात बंदी आहे, हेही लक्षात ठेवावे.

एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेले रबर. जुन्या शाईपेनांप्रमाणे त्याचा काळा रंग प्रकाशात तपकिरी-हिरवट होतो. अशी मूठ पाण्यात भिजवल्यास हा बदल अधिकच उठून दिसतो. बेकेलाइटचा रंगबदल बहुधा वरच्या थरापुरता असून सौम्य पॉलिशने कमी होतो.

पितळी मुठीसाठी घरोघरी वापरली जाणारी चिंच प्रभावी असली, तरी तिचे आम्ल पोलादी पात्याला लागता कामा नये.