दूधच जेव्हा बाधते

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. आतड्यात तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतात, आणि पुढे यकृतात गॅलॅक्टोजपासूनही ग्लुकोज बनते. या वाटेवरचे एक विकर काही बाळांत जन्मतःच जवळजवळ नसते. ते नेमके कोणते, हे १९५६ साली काल्कार व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मग गॅलॅक्टोज-फॉस्फेट पेशींत साचते. अंगावर पाजू लागल्यावर काही दिवसांतच उलट्या, कावीळ सुरू होते. पुढे मोतीबिंदूही होतो. या विकाराला गॅलॅक्टोसेमिया म्हणतात.

अशा बाळाच्या लघवीत साखर उतरते. पण ग्लुकोज तपासायची पट्टी फक्त ग्लुकोजच ओळखते, तिचा रंग बदलत नाही. आपल्या शाळेतले बेनेडिक्टचे द्रावण मात्र विटकरी होते, कारण त्याला कोणतीही क्षपणकारी साखर चालते! अर्थात हा नुसता इशारा. निदान रक्तातले विकर मोजूनच करतात.

दूध, अगदी आईचेही, बंद करून सोयाबीनचा बाळआहार दिला की बाळ सावरते. तरी काहींना बोलायला, शिकायला अडचण राहते. अशी मुले आपल्या वर्गातही असू शकतात.

यात आईच्या खाण्यापिण्याचा काही संबंध नाही. सदोष जनुक आईवडील दोघांकडून आलेले असते, आणि ते दोघेही ठणठणीत असतात. पुढच्या प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक.