देशाच्या वतीने कोण बोलतं? नागरी संघटना आणि परराष्ट्र धोरण

मागच्या व्याख्यानात आपण राज्यसंस्था आणि नागरी समाज यांतला फरक पाहिला. कुटुंब आणि राज्य यांच्या मधल्या प्रदेशात माणसं आपणहून एकत्र येतात आणि संघटना उभ्या करतात, इथवर आपण आलो होतो. आज एक पाऊल पुढे टाकायचं आहे. या संघटना देशाच्या सीमेपलीकडच्या प्रश्नांत हात घालतात तेव्हा काय होतं?

रस्त्यासाठी, पाण्यासाठी मोर्चा काढला तर 'तुम्ही कोण?' असं सहसा कोणी विचारत नाही. पण शेजारी देशाशी कसं वागावं, लष्कराने कोणतं शस्त्र वापरू नये, असं बोलायला लागलं की लगेच प्रश्न येतो : तुम्हाला कोणी निवडून दिलं? सरकारला मतदारांपुढे जावं लागतं, तुम्हाला कुठे जावं लागतं? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. लोकशाहीच्या गाभ्यातला तो प्रश्न आहे. त्याचं उत्तर आपण हवेत न शोधता एका घडलेल्या गोष्टीतून शोधू.

गोष्ट आहे भूसुरुंगांची. भूसुरुंग हे शस्त्र म्हणून विचित्र आहे, बरं का. बंदुकीला चालवणारा लागतो. भूसुरुंगाचा चाप बळी पडणाराच आपल्या पायाने दाबतो. आणि युद्धबंदी झाली हे त्याला कळत नाही. कंबोडिया, अफगाणिस्तान, अंगोला, मोझांबिक या देशांत लढाया थांबल्यावरही सरपणाला, पाण्याला, शेतावर गेलेली माणसं पाय गमावत राहिली. त्या काळात संयुक्त राष्ट्रांकडून सांगितलं जाई की सुरुंग बनवायला तीनेक डॉलर पुरतात, पण तोच जमिनीतून काढायला ३०० ते १,००० डॉलर लागतात.

हे सगळ्यात आधी कोणाच्या नजरेला आलं? परराष्ट्र खात्यांच्या नव्हे. कृत्रिम पाय बसवणाऱ्यांच्या, सुरुंग काढणाऱ्यांच्या, जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या. अशा सहा संघटनांनी १९९२ मध्ये भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली. फ्रान्स, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या त्या संघटना होत्या. त्यांपैकी एक व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकी सैनिकांची होती, हे ध्यानात ठेवा. जोडी विल्यम्स या मोहिमेच्या समन्वयक झाल्या.

यावर जिनिव्हात आधीपासून बोलणी होत होती. पण तिथला नियम सर्वसहमतीचा. म्हणजे काय, तर एकानेही मान हलवली की गाडी अडली. १९९६ च्या मे महिन्यात तिथून जे हाती आलं ते बंदी नव्हे, वापरावरचे निर्बंध होते. तेव्हा संघटनांनी आणि काही मध्यम, लहान देशांनी वेगळी वाट धरली. बेल्जियमने तर १९९५ मध्येच स्वतःपुरता बंदीचा कायदा केला होता. ऑक्टोबर १९९६ मध्ये ओटावाच्या परिषदेत कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांनी जाहीर केलं की वर्षभरात करारावर सह्या करायला इथेच परत या. मुत्सद्देगिरीच्या रिवाजाला हे धरून नव्हतं. पण सप्टेंबर १९९७ मध्ये ऑस्लोला मसुदा ठरला. तिथे सर्वसहमतीचा अडसर नव्हता, वेळ पडली तर बहुमताने निर्णय घेता येणार होता. कोरियासाठी अपवाद मागणारी अमेरिका बाहेर राहिली, करार मात्र थांबला नाही. डिसेंबर १९९७ मध्ये ओटावात १२२ देशांनी सह्या केल्या आणि १ मार्च १९९९ पासून करार अमलात आला. त्याच वर्षीचं, म्हणजे १९९७ चं, शांततेचं नोबेल या मोहिमेला आणि विल्यम्स यांना मिळालं. मोहिमेच्या वतीने ते स्वीकारलं तुन चन्नारेत यांनी. सुरुंगात दोन्ही पाय गमावलेले हे कंबोडियाचे माजी सैनिक.

आता आपला मुद्दा. संघटनांनी नेमकं काय केलं? ऑस्लोच्या सभागृहात त्यांना बसता येत होतं, बोलता येत होतं. मत देता येत नव्हतं. सही तर नव्हतीच नव्हती. तरीही त्यांच्याशिवाय हा करार झाला नसता असं आम्ही म्हणतो, त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं, त्यांनी प्रश्नाची जागा बदलली. तोवर सुरुंग हा लष्करी उपयुक्ततेचा विषय होता. तो आता जखमी माणसाचा विषय झाला. आणि लष्करी बाजूही त्यांनी टाळली नाही. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने लष्करी जाणकारांकडूनच अभ्यास करवून घेतला. १९९६ च्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा की सुरुंगांचा लष्करी लाभ मर्यादित आहे आणि मानवी किंमत त्याहून फार मोठी. दुसरं, त्यांनी तयार सरकारांशी हातमिळवणी केली. मोर्चेकऱ्यांकडे माहिती आणि लोकमत होतं, कॅनडा-नॉर्वेकडे टेबल मांडण्याचा अधिकार होता. एकाविना दुसरा अपुरा. तिसरं आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं : सह्या झाल्यावर ते घरी गेले नाहीत. या कराराला कायमची तपासणी यंत्रणा नाही. ती उणीव संघटनांनी भरून काढली. १९९९ पासून देशोदेशीचे अभ्यासक मिळून दरवर्षी अहवाल काढतात. कोणी सुरुंग पेरले, कोणी साठा नष्ट केला, कोणाची मुदत टळली, सगळं नावानिशी.

पण भाबडेपणा नको. अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि आपला भारत या करारात नाहीत. लांब सीमा, घुसखोरी, पर्यायी साधनांचा अभाव, अशी भारताची कारणं आहेत. तरी भारताने सुरुंगांची निर्यात थांबवली आहे. त्याच वेळी २००१ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम सीमेवर शेतजमिनीत सुरुंग पेरले गेले, त्याची किंमत तिथल्या शेतकऱ्यांनी मोजली, हेही खरं. आणि २०२५ मध्ये रशियाच्या भीतीने लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड, पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. भीती दाराशी आली की राज्य आपल्या जुन्या स्वभावावर जातं. संघटना त्याला रोखू शकत नाहीत. त्या एवढंच करू शकतात की हे गुपचूप होऊ देत नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्या किनाऱ्याचं आहे आणि ते अगदी वेगळ्या मापाचं आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात सर क्रीकचा वाद मिटलेला नाही, आणि समुद्रात रेघ ओढलेली नसते. मासळीच्या मागे गेलेली बोट पलीकडे जाते, खलाशी पकडले जातात. यात पालघर जिल्ह्यातलेही असतात. डहाणू-तलासरीकडचे आदिवासी मजूर गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. शिक्षा संपली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत सुटका होत नाही. दोन्ही सरकारांनी २००८ मध्ये करार केला. त्यानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना दिल्या जातात. २०२५ च्या मे महिन्यात लष्करी संघर्ष झाला, तरी १ जुलैला याद्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार भारतीय किंवा भारतीय असावेत असे होते.

यादी सरकार देतं. पण यादीतलं नाव कोणत्या पाड्यावरचं आहे, घरी कळवलं का, कागद कुठे अडलाय, याचा पाठपुरावा कोण करतं? दोन्हीकडच्या मच्छीमार संघटना, वकील, पत्रकार आणि १९९४ मध्ये सुरू झालेला पाकिस्तान-भारत लोकमंच यांसारखे गट. इथे नोबेल नाही, सोहळा नाही. दोन सरकारं बोलत नसताना दोन गावं बोलत राहतात, एवढंच.

आता परत मूळ प्रश्न. यांना अधिकार कोणी दिला? इमॅन्युएल कान्टने १७९५ मध्ये चिरंतन शांततेवर लिहिलेल्या निबंधात एक कसोटी सुचवली आहे. दुसऱ्याच्या हक्कांवर परिणाम करणारं जे धोरण उघड सांगितलं की टिकतच नाही, ते अन्यायाचं समजावं. आम्हाला वाटतं, नागरी संघटनांचा अधिकार इथून येतो. त्या देशाच्या वतीने बोलत नाहीत. ते काम निवडून आलेल्या सरकारचंच आहे आणि अंतिम निर्णयही त्याचाच. संघटना फक्त धोरणाला उजेडात आणतात आणि त्याचा चटका बसलेल्या माणसाला त्या खोलीत नेऊन बसवतात. पाय गेलेला शेतकरी किंवा तुरुंगातला खलाशी कोणत्याच देशाच्या शिष्टमंडळात नसतो. त्याची खुर्ची रिकामी असते.

मात्र हीच कसोटी संघटनांनाही लागू आहे, आणि इथे सवलत नाही. पैसा कुठून येतो, हे त्यांनी सांगितलंच पाहिजे. परदेशी निधीवर आपल्याकडे १९७६ पासून कायदा आहे, २०१० मध्ये नवा आला. त्याच्या वापराबद्दल वाद जरूर घालावा, पण सरकारचा संशय दरवेळी खोटाच असतो असं मानू नये. सुरुंगांच्या वार्षिक अहवालांनाही काही सरकारांचा निधी मिळत आला. तो अहवालातच नमूद केलेला असतो, म्हणून तो अहवाल वाचण्याजोगा ठरतो. जी संघटना पलीकडच्या सरकारचे दोष मोजते आणि आपल्या सरकारपुढे गप्प बसते, किंवा याच्या नेमकी उलट, तिचं म्हणणं सावधपणे ऐकावं.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी संघटना परराष्ट्र धोरणावर बोलू लागली की 'तुम्हाला कोणी निवडलं?' हे जरूर विचारा. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा : तुम्ही जे सांगता ते पडताळता येतं का? आणि ज्याच्यासाठी बोलता, तो तुमच्या बैठकीत बसलेला आहे का? यांची उत्तरं सरळ मिळाली, तर पहिल्या प्रश्नाची धार बरीच बोथट होते.