नाही म्हणणारा गुरू

आमच्या भोकरला समुद्र नाही, विहिरी आहेत. आमच्या पिढीतली बहुतेक पोरे विहिरीतच पोहायला शिकली. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा आणि काकांनी वरून ढकलून द्यायचे, हीच शाळा. पण ढकलण्याआधी काका तो डबा स्वतः पाण्यात दाबून पाहत, कुठे भोक तर नाही ना म्हणून. अंगात कणकण असलेल्या पोराला ते सरळ घरी पाठवत. त्यांच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. पण पोर बुडाले तर जाब आपल्यालाच द्यायचा आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

काकांची आठवण झाली ती मालवणला. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून आणि चौदा वर्षांच्या नातवाबरोबर गेलो होतो. स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणे, हे आता तिथले मोठे आकर्षण झाले आहे. किनाऱ्यावरच्या टेबलावर एक छापील फॉर्म पुढे आला. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे दुखणे, अशी लांबलचक यादी होती. फॉर्म देणारा पोरगा म्हणाला, "सगळीकडे 'नाही' लिहा, वेळ वाचेल." मुलाने तसे लिहिले. नातवाला लहानपणी दमा होता. उभा जन्म बँकेत लोकांच्या सह्या तपासण्यात गेला. घरची सही मात्र मी मुकाट्याने पाहत राहिलो.

होडीत बसण्यापूर्वी प्रशिक्षकाने प्रत्येकाला पुन्हा विचारले. नातवाजवळ येऊन म्हणाला, "लहानपणी कधी पंप ओढायला लागायचा का रे?" नातवाने खरे सांगितले. "मग डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी नेणार नाही. पैसे परत घ्या." मुलाने हुज्जत घातली, नातवाचे डोळे भरून आले. तो गृहस्थ हलला नाही.

त्याचे कारण साधे आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि टाकीतली हवाही त्याच दाबाने फुप्फुसांत जाते. वर येताना ती प्रसरण पावते. श्वास रोखून धरला तर फुप्फुस फाटू शकते. त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. दम्याने आवळलेल्या श्वासनलिकेत हवा अशीच अडकू शकते. म्हणून या विद्येचा पहिला नियम, श्वास कधीही रोखू नये. घाबरलेला नवखा माणूस मात्र नेमका श्वास रोखतो आणि वर धाव घेतो. त्या क्षणी शिकवणारा हाताच्या अंतरावर हवा.

१९६६ साली स्थापन झालेल्या 'पाडी' या संस्थेचे नियम जगभर चालतात. पहिल्यांदाच उतरणाऱ्याला बारा मीटरच्या खाली न्यायचे नाही आणि समुद्रात एका प्रशिक्षकाबरोबर चारपेक्षा जास्त नवखे नकोत, असे ते सांगतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तर तारकर्लीलाच आहे. तरीही २४ मे २०२२ रोजी स्कूबाहून परतणारी होडी तारकर्लीजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. पाण्याखालून सुखरूप वर आणले म्हणजे जबाबदारी संपली असे होत नाही. ती पाय वाळूला लागेपर्यंत असते.

पण सगळा भार प्रशिक्षकावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. इथेही तसेच आहे. खरी माहिती ही आपली चावी, निर्णय ही त्याची. आम्ही आमची चावी खोटी दिली होती. त्याने फॉर्मवर विसंबून न राहता विचारले, म्हणून निभावले. किती जणांमागे किती प्रशिक्षक, होडीत प्राणवायू आहे का, लाइफ जॅकेट सर्वांना आहे का, हे पैसे मोजण्याआधी आपणही विचारायला हवे. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या होडीत बसू नये.

परत आल्यावर नांदेडच्या डॉक्टरांनी नातवाला श्वासाची तपासणी सांगितली आहे. अहवाल येईल तेव्हा येईल. नातू त्या प्रशिक्षकावर अजून रागावलेला आहे. रागावू दे. विहिरीवरून परत पाठवले की आम्हीही काकांवर असेच रुसत असू.