केबल जळते ती टोकाशी

बिटमेन कंपनीचे अँटमायनर एस 9 हे बिटकॉइन मायनिंगचे यंत्र 2016 साली आले आणि नंतर जुन्या मालाच्या बाजारात वर्षानुवर्षे फिरत राहिले. त्याचा पॉवर सप्लाय वेगळा घ्यावा लागतो. यंत्राला 12 व्होल्टची डीसी वीज लागते, सुमारे 1350 वॅट, आणि ती घेण्यासाठी त्यावर सहा पिनांची दहा सॉकेट असतात: तीन हॅशबोर्डांना (आकडेमोड करणाऱ्या चिपांच्या बोर्डांना) प्रत्येकी तीन आणि कंट्रोल बोर्डाला एक. कंपनीचा सप्लाय महाग वाटला की लोक डेटा सेंटरमधून निघालेले 1200 वॅटचे दोन सर्व्हर सप्लाय आणतात, सहा पिनांचे प्लग आणि वायर विकत घेतात आणि केबल घरीच बनवतात. यात गैर काहीच नाही. चांगली केबल घरी बनू शकते. पण या कामाबद्दलचे जे ऐकीव ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्यातले बरेचसे चुकीचे आहे. आणि ही यंत्रे रात्री घरातले सगळे झोपलेले असतानाही पूर्ण लोडवर चालतात, म्हणून ते चुकीचे राहून चालणार नाही.

‘12 व्होल्टला काय घाबरायचे?’

12 व्होल्टचा शॉक बसत नाही, हे खरे. कोरड्या हातातून तेवढ्या दाबाने धोकादायक करंट वाहत नाही. पण आग लावायला व्होल्ट लागत नाहीत, उष्णता लागते, आणि वायरमधली उष्णता ठरते करंटवर. तेच 1350 वॅट 230 व्होल्टने घेतले तर साधारण 6 अँपियर होतात. 12 व्होल्टने घेतले तर 112. त्यात उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. मोटारीच्या बॅटरीच्या दोन टोकांवर चुकून पाना पडला की तो क्षणात लाल होतो, तेही याच 12 व्होल्टवर.

अंतराचाही हिशेब इथे वेगळा आहे. 16 गेजच्या, म्हणजे 1.31 चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे 13 मिलिओहम असतो. एका वायरमधून 4 अँपियर जात असतील तर जाऊन-येऊन एक मीटरच्या केबलमध्ये 0.1 व्होल्ट गळतो. घरच्या 230 व्होल्टमध्ये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. 12 व्होल्टमध्ये तो जवळजवळ एक टक्का झाला. यंत्र बाल्कनीत आणि सप्लाय खोलीत ठेवायचा म्हणून केबल तीन मीटर केली की 0.3 व्होल्ट गेला, आणि तो वायर तापवण्यातच गेला. 12 व्होल्टची बाजू आखूड ठेवावी. लांबी हवीच असेल तर ती 230 व्होल्टच्या बाजूला घ्यावी.

‘शॉर्ट झालाच तर एमसीबी पडेल’

हा मला सगळ्यांत धोकादायक समज वाटतो, कारण यावर विसंबून माणूस बाकीची काळजी सोडून देतो.

एमसीबी भिंतीतल्या वायरिंगचे रक्षण करतो. सर्व्हर सप्लाय पूर्ण 1200 वॅट देत असला तरी भिंतीतून तो साडेपाच अँपियरच्या आसपासच ओढतो. 16 अँपियरच्या एमसीबीच्या दृष्टीने सगळे आलबेल असते. उरला सप्लायचा स्वतःचा बंदोबस्त. दोन वायरी थेट एकमेकींना चिकटल्या तर काहीशे अँपियरची उसळी येते आणि सप्लाय बंद होतो, बहुतेक वेळा झटकन. पण अर्धवट शॉर्टमध्ये, म्हणजे सोललेली वायर पत्र्याला घासते आहे किंवा वितळलेल्या प्लगमध्ये दोन पिना अर्ध्यामुर्ध्या टेकल्या आहेत अशा वेळी, 80 अँपियर वाहू लागले तर सप्लाय ते निमूटपणे देत राहतो, कारण 100 अँपियर देण्यासाठीच तो बनवलेला आहे. ते 80 अँपियर एकाच 16 गेजच्या वायरमधून गेले तर मीटरभर वायरीत 80 वॅटहून जास्त उष्णता तयार होते. पीव्हीसीचे आवरण वितळायला तेवढी पुरेशी आहे.

सैल जोडाच्या बाबतीत तर कोणतेच संरक्षण जागे होत नाही. जोड सैल झाला की रोध वाढतो, त्यामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित घटतो. एमसीबी पाहतो करंटकडे. जोडापाशी तापणाऱ्या प्लास्टिककडे पाहणारे तिथे काहीच नसते. म्हणून प्रत्येक केबलला सप्लायच्या टोकाशी स्वतःचा फ्यूज देणे ही मी चैन मानत नाही. त्याने अर्धवट शॉर्टचा धोका तरी बराच कमी होतो. सैल जोडावरचा इलाज मात्र टोक नीट बांधणे हाच आहे.

‘जाड वायर घेतली की झाले’

वायर पुरेशी जाड घ्यावीच. पण जळालेल्या मायनिंग केबली पाहिल्या तर वायर मधोमध सहसा धडधाकट असते आणि काळे पडलेले असते टोक, म्हणजे पिन आणि प्लग. नवे यंत्र, कारखान्यात बनलेली केबल असूनही हे होते. ऑक्टोबर 2022 मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स 4090 हे ग्राफिक्स कार्ड आले आणि त्याच्या 16 पिनांच्या जोडाचे प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. कंपनीने कारण सांगितले ते प्लग पूर्ण आत न बसल्याचे. तिथेही बिघाड टोकाशीच होता.

त्यामुळे घरी केबल बनवताना खरे काम आहे ते क्रिंपिंगचे. सहा पिनांच्या प्लगमधल्या प्रत्येक पिनेला मागे पानांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला कवटाळते, मागची आवरणाला. योग्य साच्याच्या क्रिंपिंग पक्कडीने दाबले की पुढची पाने आत वळून तारांच्या जुडग्यात रुततात, तारा इतक्या घट्ट दाबल्या जातात की मध्ये हवा उरत नाही, आणि तांब्याला ओलावा लागून काळपटपणा येण्याची वाटच बंद होते. साध्या पक्कडीने तीच पाने नुसती चपटी होतात. हाताला पकड घट्ट लागते, पण आत पोकळी राहते. यंत्र आठवडेच्या आठवडे चालते, तापते, बंद होते, निवते. प्रत्येक वेळी धातू थोडा फुगतो आणि आकसतो, पोकळी वाढते, रोध वाढतो.

एस 9 मधले आकडे पाहिले की हे का महत्त्वाचे ते कळेल. हॅशबोर्डांच्या नऊ प्लगांमध्ये 112 अँपियर वाटले की प्रत्येकी बारा-साडेबारा येतात, आणि प्लगमधल्या 12 व्होल्टच्या तीन पिनांत प्रत्येकी चार. चार अँपियर या पिनेला सहज झेपतात. आता एका पिनेचे क्रिंपिंग ढिले निघाले तर तिच्या वाट्याचा करंट उरलेल्या दोघींवर जातो. त्या चारावरून सहावर पोचतात आणि त्यांची उष्णता सव्वादोन पट होते. तापल्याने त्यांच्या स्प्रिंगचा ताण कमी होतो, त्याही ढिल्या पडू लागतात, आणि शेजारच्या प्लगांवर ओझे येते. बिघाड असा सरकत जातो.

मग कथलाने डाग दिला तर? डाग वाईट नसतो. पण कथील तारांच्या फटींतून आवरणाखाली वर चढते आणि तेवढा भाग ताठ होतो. दोन मोठ्या पंख्यांची थरथर दिवसरात्र सुरू असताना वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. स्क्रूच्या टर्मिनलखाली तर कथील लावलेले टोक देऊच नये. दाबाखाली कथील हळूहळू सरकते आणि आज आवळलेला स्क्रू काही महिन्यांत सैल होतो. तिथे तांब्याची टोपी किंवा लग दाबून लावावा.

आपल्याकडे आणखी एक अडचण असते. दुकानात सहज मिळते ती घरगुती वायरिंगची दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची वायर. ती 16 गेजपेक्षा जाड, तिचे आवरणही जाड. पिनेत बसत नाही म्हणून काही जण बाहेरच्या चार-सहा तारा छाटून टाकतात. पिनेच्या तोंडाशीच तांबे कमी झाले, म्हणजे जिथे सर्वांत जास्त हवे तिथेच. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत चौकशी करून 16 गेजची मऊ, 105 अंशांची वायर आणि तिच्याच मापाची पिन मागावी. 18 गेजची आणि 16 गेजची पिन वेगवेगळी येते. वायर ब्लेडने खरवडूनही पाहावी. तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरा धातू दिसला तर ती आतून ॲल्युमिनियमची आहे. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. ती परत करावी.

‘बझर वाजला, केबल ओके’

मल्टिमीटरचा बझर वाजायला 26 तारांपैकी एक तार टेकलेली असली तरी पुरते. त्याने कळते ते फक्त इतकेच, की वाट आहे आणि ती योग्य पिनेकडे जाते. तेही तपासावेच, कारण उलटसुलट लागलेल्या पिनांनी हॅशबोर्ड जातो. पण वाट किती रुंद आहे, हे लोड दिल्याशिवाय कळत नाही.

‘प्लग बसला म्हणजे जमले’

ग्राफिक्स कार्डांवर इथेरियमचे मायनिंग सुरू होते तोवर, म्हणजे सप्टेंबर 2022 पर्यंत, हार्ड डिस्कच्या सॅटा प्लगातून सहा पिनांचा प्लग काढून देणाऱ्या जोडवायरींनी खूप नुकसान केले. रायझरला, म्हणजे कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटपासून लांब बसवण्याच्या जोडणीला, वीज द्यायला त्या सोप्या पडत. सॅटा प्लगमध्ये 12 व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपियरच्या. एकूण 54 वॅट. कार्डाला मात्र स्लॉटमधून नियमानेच 12 व्होल्टवर साडेपाच अँपियर, म्हणजे 66 वॅट घेण्याची मुभा आहे. एएमडीचे आरएक्स 480 तर 2016 मध्ये स्लॉटची मर्यादा ओलांडते म्हणून गाजले आणि कंपनीला नवा ड्रायव्हर द्यावा लागला. अशी कार्डे आजही दुसऱ्या नाण्यांसाठी चालवली जातात. त्यांच्या रायझरला सॅटातून वीज देऊ नये.

याच्या उलट, सहा पिनांचा प्लग 75 वॅटच्या पुढे गेला की जळतोच, असेही नाही. 75 हा ग्राफिक्स कार्डांसाठी ठरवलेला आकडा आहे. एस 9 त्याच प्लगातून सुमारे दीडशे वॅट घेते आणि चांगल्या पिना ते पेलतात.

सुट्या केबलींच्या संगणक सप्लायबद्दल मात्र कडक राहावे. कार्डाच्या टोकाची पिनरचना ठरलेली असते, सप्लायच्या टोकाची नसते. ती प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची वेगळी असते. दुसऱ्या सप्लायची केबल अलगद बसते आणि 5 व्होल्टच्या जागी 12 पोचतात. एस 9 ला दोन सप्लाय लावायचे असतील तर एका हॅशबोर्डाचे तिन्ही प्लग एकाच सप्लायचे हवेत.

‘1100 व्होल्टची, एफआर वायर आहे’

वायरच्या आवरणावर छापलेले 1100 व्होल्ट हे आवरणाचे बळ झाले. करंट किती नेता येईल ते तांब्याच्या जाडीवर ठरते. एफआर म्हणजे ज्वाला पसरू न देणारे आवरण. ते तापते, वितळते, फक्त आग पुढे नेत नाही.

हा मुद्दा 230 व्होल्टच्या बाजूला येतो, आणि त्या बाजूची केबल घरी बनवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. अँटमायनर एस 19 ला 3250 वॅट लागतात, म्हणजे 230 व्होल्टला 14 अँपियर, आणि तो करंट संगणकाच्या नेहमीच्या आकाराच्या दोन कॉर्डमधून आत जातो. त्या प्लगाची मर्यादा 10 अँपियर, म्हणून दोन कॉर्ड. दोन्ही कॉर्ड जोडून भिंतीकडे एकच 16 अँपियरचा पॉवर प्लग लावला की गीझर जो भार वीस मिनिटे घेतो, तो त्या प्लगाला दिवसरात्र घ्यावा लागतो. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत तीन तास किंवा त्याहून जास्त चालणाऱ्या लोडसाठी सर्किटच्या क्षमतेच्या 80 टक्केच धरतात. त्या हिशेबाने 16 चे 12.8 होतात, 14 बसत नाहीत. परवानाधारक वायरमनकडून स्वतंत्र एमसीबी, चारची वायर, 32 अँपियरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट आणि नीट अर्थिंग करून घ्यावे. अर्थिंगची पिन काढलेला प्लग कुठेच नको, कारण सप्लायची धातूची पेटी तिच्याच भरवशावर सुरक्षित असते.

12 व्होल्टच्या बाजूच्या घरच्या केबलींची परीक्षा अशी: प्रत्येक वायर पिनेतून ओढून पाहावी, हिसका देऊन. निघाली तर बरेच झाले. मग यंत्र पूर्ण लोडवर तासभर जवळ बसून चालवावे, क्लॅम्प मीटरने प्रत्येक केबलचा करंट पाहावा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक प्लगचे तापमान. एकाच बोर्डाचे तीन प्लग जवळपास सारखेच गरम असायला हवेत. जो शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे गरम किंवा ठळकपणे थंड आहे, तो कापून नवा लावावा. थंड प्लगही कापायचा, कारण त्याच्या वाट्याचा करंट बाकीचे दोघे वाहत आहेत.