टायर फुटण्याची सबब

जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात मी मोंढ्यातल्या एका अडतीवर जमाखर्च लिहिण्याच्या चाकरीस लागलो, आणि अडतीच्या मालकीच्या दोन मालमोटारी असल्याकारणाने रोजकीर्द-खतावणीच्या जोडीला विमा कंपनीकडे धाडावयाचे अपघाताचे कागदही पुढे तीस-पस्तीस वर्षे माझ्याच हातून गेले. त्या कागदांत पंचनाम्याची नक्कल असे, आणि त्या नकलेत एक वाक्य इतक्या इमानाने पुनःपुन्हा येई, की ते लिहिणाऱ्या हवालदाराच्या बोटांनाच पाठ झाले असावे असा संशय मला येत असे: ‘सदरहू वाहनाचा मागील टायर अचानक फुटल्याने चालकाचा ताबा सुटून वाहन रस्त्याचे खाली गेले.’ मौजे बदले, तारीख बदले, पंच बदलत. ‘अचानक’ मात्र बदलत नसे. त्या एका शब्दाने चालक सुटे, मालक सुटे, माल भरणारा सुटे, आणि सारा दोष रस्त्याच्या कडेला पडलेल्या, कैफियत देण्यास असमर्थ अशा रबराच्या चिंध्यांवर जाऊन बसे.

टायर ही वस्तू आमच्या मुलुखाला नवी नव्हती. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली सत्तावीस बसगाड्यांनिशी सरकारी मोटारवाहतूक सुरू केली होती, आणि १९३६ साली बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाल्यानंतर कधीतरी रबरी चाकांची बैलगाडीही इकडे आली. तिला लोक ‘डनलप’च म्हणत; माझ्या लहानपणी डनलप हे एका कंपनीचे नाव आहे हे सांगणारा माणूस शिष्ट समजला जाई. पण बैलगाडीचा टायर झिजतो, चिरतो, वाळून तडकतो, क्वचितच फुटतो. फुटण्यासाठी वेग लागतो, आणि तो वेग आमच्या शेतमालाच्या अंगी आला तो लहान मालमोटारींमुळे. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ आला, आणि त्यानंतरच्या काळात महिंद्राच्या बोलेरो पिकअपने तर जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी येथील मोसंबी, सरकी, बियाणे, लोखंड आणि लग्नाची वऱ्हाडे इतक्या निःपक्षपातीपणे वाहिली, की ‘पिकअप’ हा शब्द आता आमच्याकडे इंग्रजी राहिलेला नाही.

टायर अचानक फुटत नाही, हे मला पहिल्यांदा दाखवले ते मोंढ्याच्या कोपऱ्यावर पंक्चर काढणाऱ्या एका वृद्ध उस्तादाने. ही गोष्ट नायलॉनच्या, ट्यूबवाल्या टायरांच्या दिवसांतली. आमच्या गाडीचा टायर अंबड रस्त्यावर गेला होता आणि ‘एकदम गोळी सुटल्यागत आवाज झाला, मुनीमजी,’ असे ड्रायव्हर शपथेवर सांगत होता. उस्तादाने काही न बोलता टॉमी घालून टायर रिमवरून उतरवला, तो तिरपा धरून आत पंजा फिरवला आणि तो पंजा माझ्यासमोर उघडला. त्यावर काजळासारखी बारीक, किंचित चिकट भुकटी होती. ‘ही फुटल्यानंतर येत नाही,’ तो म्हणाला. मग त्याने टायरच्या बगलेच्या आतल्या अंगाने बोट फिरवून दाखवले: सबंध घेराभर एक घडी पडलेली होती, कापड वारंवार एकाच ठिकाणी दुमडल्यावर पडते तशी, आणि त्या घडीशी आतले धागे उकलून केसांसारखे वर आलेले होते. हवा कमी असलेला टायर जमिनीशी येताना प्रत्येक फेऱ्याला चेपतो आणि पुन्हा उभारतो. त्या चेपण्या-उभारण्यात रबर तापते, धाग्यांची आणि रबराची गाठ सुटू लागते, आतल्या आत घासून त्याची भुकटी होते, आणि मग एखाद्या दिवशी, बहुधा भर दुपारी, आवाज होतो. कोसावर हिशेब लावला तर तो टायर आठवडाभर मरत होता. आम्ही फक्त त्याचा शेवटचा श्वास ऐकला होता.

त्या आठवड्यात हवा कमी का होती, याचे उत्तर मात्र उस्तादाकडे नव्हते. ते आमच्या शेटजींकडे होते. शेटजींचा, आणि शेटजींचाच काय, साऱ्या मोंढ्याचा असा दृढ समज होता, की वैशाखात डांबर पाघळू लागले म्हणजे टायरातली हवा फुगते, सबब ती आठ-दहा पौंड काढून ठेवावी म्हणजे टायरला मोकळा श्वास मिळतो. वरवर पाहता यात तर्क आहे, आणि म्हणूनच तो घातक आहे. गाडी धावली की हवेचा दाब थोडा चढतोच. टायर बनवणाऱ्याने तो चढ आधीच जमेस धरलेला असतो. पण हवा काढल्यावर बगल अधिक चेपते, अधिक तापते, आणि ज्या उष्णतेपासून वाचण्यासाठी हवा काढली ती दुपटीने आतून उत्पन्न होते. हवा मोजावयाची ती सकाळी, गाडी हलण्यापूर्वी, थंड टायरात. धाब्यावर थांबून तापल्या टायरातून फुस्स करून काढावयाची नव्हे. हे मी शेटजींना एकदा भीतभीत सांगितले, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि ‘मुनीमजी, तुम्ही खतावणी बघा,’ असे म्हणाले. पुढच्याच वैशाखात बदनापूरच्या अलीकडे सरकी भरलेली गाडी चारीत गेली. प्राणहानी झाली नाही. पंचनाम्यात काय लिहिले होते ते सांगण्याची आवश्यकता नाही. विम्याचा दावा मीच लिहिला, आणि ‘अचानक’ हा शब्द मीही उतरवला, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

शेटजींच्या अज्ञानास हसण्याचा अधिकार मात्र पुढे मलाच उरला नाही, कारण त्यांच्यासारखाच विचार केलेली मंडळी फार मोठ्या खुर्च्यांवर बसलेली निघाली. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे पासष्ट लाख टायर परत बोलावले. त्यांतले पुष्कळसे फोर्डच्या ‘एक्सप्लोरर’ या गाडीवर होते, आणि ही गाडी त्याच कंपनीच्या एका पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेली होती. धावता धावता टायरची नक्षी पोलादी पट्ट्यांसकट सोलून निघे आणि उंच गाडी कलंडे. अमेरिकेच्या सरकारी खात्याने या प्रकरणात २७१ मृत्यूंची नोंद केली. टायरवाल्यांनी गाडीवाल्यांवर आणि गाडीवाल्यांनी टायरवाल्यांवर ठपका ठेवला. त्या वादात बाहेर आलेला एक तपशील वाचून मला आमच्या शेटजींची आठवण झाली: या टायरांत तीस पौंड हवा असावी असे टायरवाल्यांचे म्हणणे होते, तर गाडी मऊ चालावी आणि कलंडू नये म्हणून गाडीवाल्यांनी सव्वीस पौंडांची शिफारस केलेली होती. टायरांच्या बनावटीतही दोष होताच. पण टेक्सास-अ‍ॅरिझोनाचे ऊन, भरलेली गाडी, सलग वेग आणि चार पौंड कमी हवा यांचा जो मेळ तेथे बसला, तो जालन्याच्या वैशाखाला अपरिचित नाही. त्या प्रकरणातून तेथे कायदा झाला, आणि हवा कमी होताच चालकासमोर दिवा लागण्याची सोय काही वर्षांत तिकडच्या नव्या लहान गाड्यांना सक्तीची झाली. आमच्या पिकअपला हा दिवा अजून उस्तादाच्या पंजाच्या रूपानेच आहे.

हवेइतकीच दुसरी गोष्ट ओझ्याची, आणि ओझ्याच्या बाबतीत आमच्या जिल्ह्याचा इतिहास काहीसा विचित्र आहे. येथे माणसे वजन वजनात मोजत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात जेव्हा मोसंबीच्या बागा उभ्या वाळू लागल्या, तेव्हा ज्याच्याकडे पिकअप होती त्याने तिच्या हौद्यात प्लास्टिकची काळी टाकी ठेवली आणि मिळेल तेथून पाणी आणून झाडांच्या आळ्यांत सोडले. टाकी दोन हजार लिटरची. गाडी कोणाची सव्वा टनाची, कोणाची दीड टनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे चौथीतल्या पोराला ठाऊक असलेले समीकरण त्या उन्हाळ्यात कोणाच्या ध्यानात आले नाही, किंवा आले तरी डोळ्यांदेखत मरणाऱ्या झाडापुढे त्याची मातब्बरी वाटली नाही; आणि मी तरी त्यांना दोष देणार नाही. टाकी अर्धी असली म्हणजे आणखी पंचाईत, कारण वळणावर ते टनभर पाणी एका कुशीला धावे आणि बाहेरच्या बाजूच्या एकट्या टायरावर जाऊन आदळे. त्या वर्षी उस्तादाच्या दुकानासमोर बगल फुगलेल्या टायरांची रास लागली होती. पायाला आलेल्या गळवासारखा हा फुगा असतो. आतले धागे तुटले आणि आता फक्त रबराने हवा धरून ठेवली आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा टायराला आतून गेटर चिकटवून पुन्हा गाडीला चढवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या गाडीत बसण्याचे मी टाळलेही आहे.

लोखंडाचा प्रकार याहून मजेचा, कारण तेथे वजनाचे सूत्र साऱ्या औद्योगिक वसाहतीला तोंडपाठ आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याचा वर्ग करून १६२ ने भागावे, की एका मीटरचे वजन किलोत येते. बारा मिलिमीटरची, बारा मीटर लांबीची सळई म्हणजे सुमारे १०.६६ किलो. हे सूत्र बिल करताना पै-पैचा चोख हिशेब देते. मात्र बिल फाडून झाले आणि माल गाडीत पडू लागला, की तेच सूत्र गाडीच्या बाबतीत सगळे विसरतात. दीडशे सळया दुमडून पिकअपच्या हौद्यात घातल्या की सोळाशे किलो झाले, आणि दोन्ही टोके मागे लोंबत असल्याने त्यांचा बहुतेक भार मागच्या आसावर. रिकाम्या गाडीचे सहा-सातशे किलो तेथे आधीच असतात. ठोकळ हिशेबाने मागच्या प्रत्येक टायरावर अकराशे किलोच्या घरात ओझे आले.

आता या अकराशे किलोंचे उत्तर टायरच्या अंगावर लिहिलेले असते. पण नवा टायर घ्यावयास गेलेला आमचा माणूस कंपनीचे नाव विचारतो, भाव विचारतो, हमी विचारतो, ‘बटन किती जाड आहे’ म्हणून नखाने नक्षी चाचपतो, आणि तो आकडा मात्र वाचत नाही. आकाराच्या अंकांनंतर येणारी ती संख्या भाराचा निर्देशांक आहे. शंभर म्हणजे शंभर किलो नव्हेत. शंभर म्हणजे आठशे किलो, १०६ म्हणजे साडेनऊशे, ११० म्हणजे एक हजार साठ. त्यापुढचे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. माणसे वाहणारी जीप आणि माल वाहणारी पिकअप यांच्या चाकांचा व्यास सारखाच असू शकतो, आणि जीपचा स्वस्त, मऊ, देखणा टायर पिकअपच्या रिमवर बिनतक्रार बसतो. पण तो आठशे किलोंचा असतो आणि त्याच्यावर येणार असतात अकराशे. अशा प्रसंगी दुकानदार क्वचित बोलतो, गिऱ्हाईक कधीच विचारत नाही.

नायलॉन जाऊन रेडियल आले तेव्हाही असाच घोटाळा झाला. जुन्या टायरात धागे एकमेकांना तिरपे छेदत जात, त्यामुळे बगल ताठ असे आणि तळवाही तिच्याबरोबर वळवळे व तापे. रेडियलमध्ये धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात व नक्षीखाली पोलादी पट्टे असतात. तळवा स्थिर राहतो, टायर थंड राहतो आणि डिझेल वाचते. पण त्याची बगल पुरेशा हवेतही किंचित फुगीर दिसते. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत सारे ड्रायव्हर ‘हवा कमी आहे’ म्हणत, आणि पुढे त्या फुगीरपणाची सवय झाल्यावर खरोखर हवा कमी असली तरी ‘रेडियल असाच दिसतो’ म्हणत. एका आसाला उजवीकडे रेडियल आणि डावीकडे नायलॉन लावणारेही होते. ते कोणत्या दिशेला जात, हे त्यांचे त्यांनाही आधी सांगता येत नसावे.

या साऱ्याची परीक्षा घ्यावयास एक निराळाच रस्ता आला. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाला. हा रस्ता येईपर्यंत आमच्या जिल्ह्यातल्या कोणत्याही पिकअपने एक तास सलग, ब्रेक न लावता, प्रवास केलेला नव्हता. खड्डे, गतिरोधक, म्हशी आणि आठवडी बाजार हे तिच्या टायरांचे नकळत झालेले विश्रांतिस्थान होते. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर ती विश्रांती नाहीशी झाली, आणि पूर्वी महिनाभर लपून राहणारे व्यंग दोन तासांत बाहेर पडू लागले. २०२३ मध्ये परिवहन खात्याने प्रवेशाच्या जागी टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत फिरवण्यास आरंभ केला, तेव्हा पुष्कळांनी कुरकुर केली. मला ते फार उशिरा सुचलेले शहाणपण वाटले.

त्याच वर्षी १ जुलैच्या मध्यरात्रीनंतर, जालन्याहून तासाभराच्या अंतरावर, सिंदखेड राजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. पहाटेपर्यंत सर्वत्र कारण पोहोचले होते: टायर फुटला. चालकाने तसेच सांगितले होते. मी ते ऐकले आणि माझ्या हातून गेलेल्या साऱ्या नकला डोळ्यांपुढून सरकल्या. परंतु या खेपेस परिवहन खात्याची माणसे जागेवर जाऊन रबराचे तुकडे शोधत होती. त्यांना ते मिळाले नाहीत, फुटलेल्या टायराच्या खुणाही रस्त्यावर मिळाल्या नाहीत, आणि त्यांच्या अहवालाने टायर फुटल्याची गोष्ट नाकारली. माझ्या आठवणीतल्या कागदांत तरी टायर निर्दोष सुटल्याचा हा पहिलाच दाखला.

गेल्या चैत्रात पुतण्याच्या पिकअपला मागचे दोन टायर घ्यावयाचे होते, म्हणून त्याने मला बरोबर नेले. दुकानातल्या पोराने आणलेल्या पहिल्या जोडीवर मी मोबाइलचा उजेड धरला आणि चार अंकांची तारीख वाचली: १८२१, म्हणजे २०२१ सालचा अठरावा आठवडा. नवाकोरा, केसाळ, चकचकीत, आणि गोदामात वर्षानुवर्षे पडून वाळलेला. दुसरी जोडी मागवली. तिचा निर्देशांक शंभर. ‘काका, किती बघता, दोन्ही एकाच कंपनीचे आहेत,’ पुतण्या म्हणाला. तिसरी जोडी आली ती दरात दीडपट होती. तो थोडा घुटमळला, मग त्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कोपऱ्यावर बाराचा वर्ग करून १६२ ने भागले, दीडशेने आणि बाराने गुणले, आणि पाकीट काढले. जुने टायर आम्ही दुकानातच सोडणार होतो. तेवढ्यात घनसावंगीकडचा एक गाडीवान पुढे झाला आणि ऊस वाहण्याच्या गाडीला ते किती देता म्हणून विचारू लागला. त्याने टायर उभा केला, बगलेवर दोन थापा मारल्या, आणि म्हणाला, ‘डनलपला अजून चार सीझन जाईल की.’